आठ किलोवॅट आणि ओलं लाकूड

लोणावळ्यात बंगला बांधणाऱ्या माणसाला थंडी हवी असते. ती तिथे बेताचीच आहे, हे प्लॉट विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वासहाशे मीटर उंच. डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटा सोडल्या, तर स्वेटरला तिथे खरं काम नाही. जुलैत, म्हणजे मुंबई-पुण्याची माणसं घाटात गाड्यांच्या रांगा लावतात तेव्हा, पारा दिवसा तेवीस-चोवीस आणि रात्री वीस-एकवीस अंशांवर असतो. एवढ्या तापमानाला स्कॉटलंडमधली माणसं शर्ट काढून बागेत पडतात. आपल्याकडे मात्र सिमल्याच्या सहलीत घेतलेली आणि तेव्हापासून डांबरगोळ्यांच्या सहवासात दिवस काढणारी शाल खंडाळा मागे पडलं की बाहेर निघते. "काय गारठा आहे!" असं एकाने म्हटलं की बाकीचे तळहात चोळतात. जो चोळत नाही त्याला बंगल्यावर पुन्हा बोलावलं जात नाही.

या गारठ्याची सोय म्हणून हॉलमध्ये फायरप्लेस असते.

मी जिच्याबद्दल सांगणार आहे ती तुंगार्लीला, भावोजींच्या बंगल्यात आहे. पण वर्णन वाचून बऱ्याच बंगलेवाल्यांना ती आपलीच वाटेल, कारण आर्किटेक्ट वेगवेगळे असले तरी सगळे मासिकं तीच वाचतात. दोन मजले उंच छत. एका भिंतीला काळा पाषाण. हा सह्याद्रीत हवा तितका फुकट पडलेला आहे, पण भिंतीला चिकटवायचा झाला की चौरस फुटाच्या भावाने येतो. त्या भिंतीच्या पोटात कमानदार कोनाडा, वर सागाची जाड फळी, फळीवर भावोजींचे युरोपच्या सहलीतले फोटो. त्यातल्या एका फोटोत मागे बर्फ दिसतो. हॉलमधली खरी थंडी तेवढीच.

आधी ही फायरप्लेस उघडी होती. उघड्या फायरप्लेसचा गुण असा की तिच्यासमोर बसणाऱ्याचं नाक भाजतं आणि पाठ गार पडते. आगीला हवा लागते, ती हॉलमधूनच जाते, आणि जाताना हॉलमधली ऊब बरोबर घेऊन धुराड्याने वर निघते. लाकडातल्या उष्णतेचे दहातले आठ-नऊ भाग असे आकाशात जातात. बंगल्याचा मालक शनिवार-रविवारी लोणावळ्याचे ढग तापवतो, म्हटलं तरी चालेल.

हे गाऱ्हाणं नवं नाही. काउंट रमफर्ड नावाच्या एका खटपट्या गृहस्थाने १७९६ साली फायरप्लेसवर चक्क प्रबंध लिहिला. तोफांना भोक पाडताना त्या तापतात कशाने, याचा विचार करून उष्णता हा काही वाहणारा पदार्थ नाही असं सांगणारा तो हाच. लंडनच्या दिवाणखान्यांत धूर कोंडतो आणि ऊब पळते हे पाहून त्याने सांगितलं की कोनाडा उथळ करा, बाजूच्या भिंती तिरक्या करा म्हणजे उष्णता खोलीकडे परतेल, आणि धुराड्याचा गळा अरुंद करा. लंडनकरांनी ऐकलं. तुंगार्लीपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे. भावोजींचा कोनाडा इतका खोल होता की त्यात लहान मुलं लपाछपी खेळताना सापडत नसत.

मग इन्सर्ट आला. भिंतीतल्या कोनाड्यात बसवायची ही बंद लोखंडी पेटी. पुढे काचेचं दार, हवा आत सोडायला झडपा, पेटीभोवती फिरून तापलेली हवा खोलीत फेकायला ब्लोअर. उघडी आग जिथे दहा-पंधरा टक्के उष्णता पदरात घालते, तिथे चांगला इन्सर्ट सत्तर टक्क्यांच्या वर घालतो. विकणाऱ्याने "आठ किलोवॅट" सांगितले. भावोजींनी लगेच हिशेब मांडला, "घरातला गीझर दोनचा. म्हणजे चार गीझर भिंतीत!" त्या दिवसापासून हॉलमध्ये चार गीझरांइतकी ऊब येण्याची वाट पाहणं सुरू झालं.

ती आली नाही.

काच मात्र नामी होती. ही साधी काच नव्हे. सिरॅमिक काच, काही शे अंशांना न तडकणारी. मावळाला, म्हणजे लोणावळ्याच्या तालुक्याला, काचेचं आणि आगीचं नातं नवं नाही. घरोघरच्या पैशापैशाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना तळेगावला १९०८ साली निघाला, अंताजी दामोदर काळे यांच्या खटपटीने. भट्टी पेटती ठेवणं म्हणजे काय हे या तालुक्याने तेव्हाच पाहिलं आहे. भावोजींच्या काचेमागे मात्र आग होती की नाही हे सांगणं कठीण होतं, कारण पहिल्याच संध्याकाळी काच आतून काळीकुट्ट झाली. पाहुणे अर्धवर्तुळ करून, हातात कॉफीचे मग घेऊन, काळ्या काचेकडे बघत बसले. अधूनमधून आतून चर्र आवाज येई. "छान वाटतंय," एक वहिनी म्हणाल्या. मराठी माणूस यजमानाला याहून अधिक दिलासा देत नाही.

आता या चर्रकडे वळू, कारण सगळं दुखणं त्यातच आहे.

सुकं लाकूड किलोला साधारण चार युनिट उष्णता देतं. म्हणजे आठ किलोवॅट मिळवायचे तर तासाला अडीच किलोच्या आसपास सुकं लाकूड लागेल. हे काही फार नाही. पण इन्सर्टबरोबर आलेल्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलं होतं की लाकडात वीस टक्क्यांहून अधिक ओल नको. पुस्तिका ज्यांनी लिहिली त्यांनी लोणावळ्याचा जुलै पाहिलेला नाही. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो; पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात सातशे-साडेसातशेवर लोक छत्र्यांच्या तक्रारी करतात. आणि लाकूड ही अशी वस्तू आहे की ती भोवतालच्या हवेशी तडजोड करूनच राहते. हवेत नव्वद-पंच्याण्णव टक्के दमटपणा असेल, तर छपराखाली, पावसाचा थेंब न लागू देता ठेवलेलं लाकूडसुद्धा हवेतूनच पाणी पिऊन वीस ते चोवीस टक्क्यांवर जाऊन बसतं. म्हणजे जुलैत लोणावळ्याला नुसत्या छपराखाली ठेवून पुस्तिकेला पसंत पडणारं लाकूड तयार होणं निसर्गालाच मंजूर नाही.

आणि हे झालं सुकवलेल्या लाकडाचं. भावोजी जे आणत होते ते ताजं तोडलेलं. ताज्या लाकडाचं वजन जवळजवळ अर्धं पाण्याचं असतं. शंभर रुपयांचं लाकूड घेतलं की पन्नासचं पाणी घरी येतं, आणि तेही अशा गावात, जिथे पाणी विकत घ्यायची वेळ निदान जुलैत तरी कोणावर येत नाही. हे पाणी आधी उकळून वाफ करून घालवावं लागतं आणि ती उष्णता सरळ वाया जाते. उरलेली आग इतकी मंद होते की लाकडातले वायू धड जळतच नाहीत. ते धूर होऊन काचेवर काजळी आणि धुराड्यात डांबरासारखा थर धरतात. एकूण व्यवहार असा की वरून पडलेलं पाणी झाडाने प्यायलं, झाड वखारीत आलं, वखारीतून भावोजींनी आणलं आणि त्याची वाफ करून परत वर पाठवलं. ढगांना एवढी मदत करणारा माणूस आसपासच्या चार तालुक्यांत नसेल.

भावोजी इंजिनियर आहेत, त्यामुळे त्यांनी प्रश्न समजून घेण्याऐवजी उपकरण आणलं. लाकडात दोन टाचण्या खुपसून ओल मोजणारं मीटर. त्या शनिवारी त्यांनी घरातली एकूण एक लाकडी वस्तू टोचून काढली. सरपण, दार, देव्हाऱ्याची चौकट, जिन्याचा कठडा. निष्कर्ष असा निघाला की घरात जाळण्याजोगं एकच लाकूड आहे आणि ते म्हणजे जेवणाचं टेबल. ताईने मीटर काढून घेतलं. ते आता तांदळाच्या डब्यामागे आहे.

बंगल्याचे राखणदार कुरवंड्याचे आहेत. वयाने भावोजींहून मोठे, म्हणून सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी सरपणाच्या ढिगातलं एक ओंडकं उचललं, हातावर तोललं, दुसऱ्यावर आपटून आवाज ऐकला आणि खाली ठेवलं.

"सायेब, ह्ये आजून झाडच हाय."

मीटरला जे सांगायला बॅटरी लागली ते मामांनी आवाजावरून सांगितलं. सुकं लाकूड लाकडावर टणकन वाजतं, ओलं थप्प करतं. पण मामांना पगार राखणीचा मिळतो, सल्ल्याचा नाही. त्यामुळे भावोजींनी तो ऐकून घेतला आणि मुंबईच्या एका मित्राला फोन लावला.

मित्र म्हणाला, चिमणीला ओढ नसेल.

ओढ खरंच नव्हती. धुराडं धूर ओढतं ते आतली हवा गरम आणि बाहेरची गार असते म्हणून. फरक जेवढा मोठा, ओढ तेवढी जोरदार. बर्फाळ देशात बाहेर उणे पाच, घरात वीस, तिथे काडी ओढण्याआधीच धुराडं हवा खेचायला लागलेलं असतं. लोणावळ्यात घरात बावीस आणि बाहेरही बावीस. धुराड्याने ओढायचं कशाच्या जोरावर? त्यात भावोजींचं धुराडं बाहेरच्या भिंतीला लावलेलं. आठवडाभर पावसात भिजून आतली हवा हॉलपेक्षाही गार. गार हवा जड, ती खाली येते. म्हणून दर शनिवारी आग पेटवली की पहिला धूर वर न जाता हॉलमध्ये येऊन पाहुण्यांना भेटे. यावर इलाज साधा आहे: आधी वर्तमानपत्राचा बोळा पेटवून तो धुराड्याच्या तोंडाशी धरायचा, आतली हवा तापवायची, आणि ओढ लागली की मग लाकडं लावायची. मात्र त्यासाठी वर्तमानपत्र पेटायला हवं. जुलैत लोणावळ्याचं वर्तमानपत्र घडी घालायला हात लावला तर चादरीसारखं लोंबतं, आणि काडेपेटीचं गूल काडीबरोबर निघून येतं.

त्याहून मोठा शत्रू स्वयंपाकघरात होता. पावसाची झड आत येऊ नये म्हणून खिडक्या घट्ट बंद. ताई कांदाभजी तळायला घेते आणि ओट्यावरची चिमणी पूर्ण वेगाने लावते. ती चिमणी घरातली हवा बाहेर फेकते. तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. घरात उघडी वाट एकच, फायरप्लेसचं धुराडं. तेव्हा घरातल्या दोन चिमण्यांची रस्सीखेच होते आणि भज्यांची चिमणी जिंकते. धूर उलटा हॉलमध्ये उतरतो. भावोजी ओरडतात, "अगं, एक्झॉस्ट बंद कर!" ताई आतून म्हणते, "मग भजी बाहेर पावसात तळू?" हा वाद कोण जिंकणार हे भावोजींना लग्नापासून ठाऊक आहे. एक खिडकी चार बोटं उघडली की प्रश्न सुटतो. पण ऊब मिळवण्यासाठी खिडकी उघडायची, हे इंजिनियरच्या तोंडून निघत नाही.

लोणावळ्याला कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ते स्थापलं आणि प्राणायामाची शास्त्रीय तपासणी तिथे सुरू केली. त्यांच्या शिष्यपरंपरेतल्या कोणी इन्सर्टकडे एक नजर टाकली असती तर निदान तत्काळ झालं असतं: पूरक खालच्या झडपेतून, रेचक धुराड्यातून, आणि भावोजी रात्रभर लाकूड पुरावं म्हणून दोन्ही झडपा बंद करून जो कुंभक करवतात त्याने आगीचा जीव घुसमटतो. मंद घुसमटणारी आग ऊब देत नाही, नुसता धूर आणि डांबर देते. छोटी, मोकळी, लखलखीत आग मोठ्या झोपाळू आगीपेक्षा जास्त तापते. हे गणित ऐकायला उलटं वाटतं, म्हणून कोणी ऐकत नाही.

हेच आम्हाला पलीकडच्या गल्लीतल्या आजोबांनी सांगितलं होतं. ते वाफेच्या इंजिनांवर फायरमन होते, दौंड-मनमाडकडे. लोणावळ्याच्या घाटातली गाडी १९३०च्या सुमाराला विजेवर गेली, त्यामुळे घाटात त्यांनी फावडं मारलं नाही. पण घाट बांधला गेला तो वाफेसाठीच. १८६३ साली बोरघाटाचा चढ सुरू झाला तेव्हा सदतीस फुटांना एक फूट चढण होती आणि गाडी वर ढकलायला मागे आणखी इंजिन लागे. भुशी धरणाचं पाणीसुद्धा मुळात या इंजिनांसाठीच. आज शनिवारी तिथल्या पायऱ्यांवर जी हजारो माणसं भिजत बसतात ती खरं तर इंजिनाच्या टाकीत बसलेली असतात. आजोबा काठी टेकत आले, इन्सर्टचं दार उघडून आत पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "इतकं कोंबलंय कशाला?"

"जास्त लाकूड, जास्त ऊब," भावोजी म्हणाले.

"अहो, फायरबॉक्समध्ये असा ढीग घातला असता तर ड्रायव्हरने मला खाली उतरवलं असतं. थोडं घालायचं, पण सारखं घालायचं. आग पातळ ठेवायची. आणि धुराकडे बघायचं. काळा धूर दिसला की समजायचं, पैसे चाललेत वर."

भावोजींनी हे वहीत लिहून घेतलं. वही कुठे आहे ते कोणाला ठाऊक नाही. ओल मोजणारं मीटर कुठे आहे तेवढं ताईला ठाऊक आहे.

ब्लोअरची कथा थोडक्यात आटोपतो. ब्लोअर विजेवर चालतो. जोराच्या पावसात लोणावळ्यात वीज जाते. ब्लोअर थांबला की इन्सर्टची उष्णता भिंतीतच अडकून पाषाण तापवत बसते. गंमत अशी की याच पावसाचं पाणी वळवण, लोणावळा आणि शिरवटा इथल्या टाटांच्या तलावांत साठतं, नळांतून खाली खोपोलीला झेपावतं आणि १९१५पासून मुंबईला वीज पुरवतं. भावोजी मुंबईहून येतात. म्हणजे आपल्या वाटची वीज तिकडेच ठेवून ते इथे अंधारात येऊन बसतात. त्यांनी इन्व्हर्टर घेतला. आता लाकूड जाळून आलेली ऊब बॅटरीवर चालणाऱ्या पंख्याने सोफ्यापर्यंत येते.

सोफ्यापर्यंत म्हणजे, यायला हवी. गरम हवा हलकी, आणि छत दोन मजले उंच. हॉलमध्ये ताईच्या नणंदेचे पाय गार, भावोजींचा चेहरा घामेजलेला, आणि वर पोटमाळ्याच्या खोलीत आत्याबाई पंख्याखाली बसून म्हणतात, "काय उकडतंय रे इथे! लोणावळ्याला आणलंत की सोलापूरला?" बंगल्यातली आठ किलोवॅटची एकुलती एक लाभार्थी त्याच. खाली ऊब आणायचा उपाय म्हणजे छताचा पंखा अगदी मंद फिरवणं. वर साचलेली गरम हवा तो खाली ढकलतो. फायरप्लेस पेटवून पंखा लावणारं घर पाहून शेजाऱ्यांनी भावोजींच्या तब्येतीची चौकशी केली.

आत्याबाईंचं या सगळ्यावर एक ठाम मत आहे. त्या म्हणतात, आमच्याकडे बंब होता.

मला वाटतं या साऱ्या प्रकरणात शहाणपणाचं वाक्य तेवढंच. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: तांब्याचं उभं नळकांडं, मधोमध आरपार दुसरं नळकांडं, त्यात खालून जाळ, दोन्हींच्या मध्ये पाणी, बाजूला तोटी, खाली राखेचा ट्रे. पुण्याच्या तांबट आळीत हातोड्याच्या ठोक्याठोक्याने असे बंब घडत. आता इन्सर्ट काय वेगळा आहे? बंद जागेतला जाळ, खालून मोजकी हवा, वर सरळ धुराडं आणि धूर बाहेर पडण्याआधी त्याच्या अंगची उष्णता काढून घेणारी भिंत. फरक इतकाच की बंबाच्या भिंतीपलीकडे पाणी आहे आणि इन्सर्टच्या भिंतीपलीकडे हवा. पाणी उष्णता नेटाने धरून ठेवतं, हवा सांडते. बंब जळायचा कशावर? नारळाच्या शेंड्या, करवंट्या, सुताराच्या ढलप्या, गोवरीचा तुकडा, जुने कागद. मोठं ओंडकं बंबात जातच नाही. म्हणजे आजोबांचा पातळ आगीचा नियम बंबाला न सांगता पाळावा लागे, त्याचं तोंडच तेवढं लहान. पहाटे अर्ध्या तासात घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी, दिवाळीत नरकचतुर्दशीला उटणं लावून रांगेत बसलेल्या पोरांसकट. काचेचं दार नव्हतं, त्यामुळे कोणी त्याच्यासमोर कॉफी घेऊन बसलं नाही. आत डोकावायला गेलेल्याची भुवई जळायची. म्हणून त्याची प्रतिष्ठा राहिली नाही. गीझर आला तसा बंब माळ्यावर गेला, मग मोडीत गेला, आणि हल्ली चकचकीत घासून, आत दिवा लावून, हॉटेलांच्या दारात उभा असतो. बंगल्यांच्या हॉलमध्ये मात्र त्याचा परदेशी मावसभाऊ लाखभर रुपये मोजून भिंतीत बसवला जातो.

आत्याबाईंनी एकदा कोळशाची शेगडी मागितली, उशाशी ठेवायला. तिला घरातल्या सगळ्यांनी एकमुखाने नकार दिला, आणि बरोबरच. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, आणि माणूस झोपेतून उठत नाही.

मामांच्या घरी चूल आहे. पावसाळ्याचं सरपण त्यांच्याकडे चैत्र-वैशाखातच येतं, फोडलं जातं, पडवीत रचलं जातं. चुलीच्या वर बांबूची मांडणी, तिच्यावर उद्याचं सरपण. आजच्या जाळावर उद्याचं लाकूड सुकतं. हवा कितीही दमट असो, चुलीच्या धगीतलं लाकूड हवेशी तडजोड करत नाही. चुलीवर इंद्रायणीचा भात शिजतो (हा तांदूळही याच तालुक्याचा, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला), वैलावर कालवण मुरतं, आणि भिंतीच्या आतल्या अंगाला हात लावला तर ती कोरडी असते. मामांच्या घरात कोणी "ऊब" म्हणत नाही. तिथे कपडे वाळले की नाही एवढंच विचारतात.

आणि खरा मुद्दा तोच आहे. लोणावळ्याच्या पावसाळ्यात माणसाला थंडी नाही, ओल छळते. पापड कुरकुरायचं विसरतात, मिठाला पाणी सुटतं, चिक्की पुण्याला पोचेपर्यंत दाताला चिकटते, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी लव येते. आता जरा पदार्थविज्ञान: बावीस अंशांची पंच्याण्णव टक्के दमट हवा नुसती अठ्ठावीस अंशांपर्यंत तापवा. हवेत पाणी तेवढंच राहिलं तरी तिची पाणी धरायची ताकद वाढते, आणि आर्द्रता सहासष्ट टक्क्यांच्या आसपास येते. सहा अंश! तेवढ्यासाठी चार गीझर नकोत. सुक्या लाकडाची मनगटाएवढ्या ढलप्यांची छोटी आग, एक खिडकी चार बोटं उघडी, वर मंद पंखा, आणि एका तासात घर कोरडं वाटायला लागतं. लोणावळ्यातली फायरप्लेस हे मुळात वाळवणाचं यंत्र आहे. तिच्यासमोर काय वाळत घालायचं एवढाच वाद.

तो वाद बंगल्यात झालाच. भुशीवर भिजून आलेल्या भाचेमंडळींच्या जीन्स ताईने दोरी बांधून पाषाणाच्या भिंतीसमोर टांगल्या. दिवसभर भिजण्यासाठी पैसे मोजायचे आणि रात्री वाळण्यासाठी पुन्हा मोजायचे, असं दुसरं गाव माझ्या माहितीत नाही. भावोजींना सहन झालं नाही. त्या फायरप्लेसचा फोटो त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा ठरवला होता आणि कॅमेऱ्यात सागाच्या फळीखाली सात पॅन्टी आणि आत्याबाईंचा परकर येत होता. अखेर तह झाला. रात्री साडेनऊपर्यंत फायरप्लेस घरची, साडेनऊनंतर पाहुण्यांची. आत्याबाईंनी तहात एक पोटकलम घालून घेतलं: इन्सर्टच्या माथ्यावर पापडांचं ताट कायम राहील.

यंदा मात्र भावोजींनी मामांचं ऐकलं. भर मेमध्ये, उन्हाचे चटके बसत असताना, ते एकटे लोणावळ्याला गेले. वखारीतून बाभूळ आणि ऐन आणलं. ही लाकडं जड, धग टिकवणारी, पांगाऱ्या-सावरीसारखी भपकन पेटून संपणारी नव्हेत. फोडणाऱ्याकडून त्याच्या मनगटाएवढ्या ढलप्या करून घेतल्या, उन्हात उलट्यापालट्या केल्या. शेजारचे बंगलेवाले एसी लावून आत बसले होते आणि भावोजी डोक्याला रुमाल बांधून जुलैची तयारी करत होते. मग प्रश्न आला, एवढं सरपण ठेवायचं कुठे? बंगल्याच्या नकाशात स्विमिंग पूल आहे, बार्बेक्यूची जागा आहे, कुत्र्याचं घर आहे. लाकडाची जागा नाही. फायरप्लेस काढणाऱ्या आर्किटेक्टला लाकूड मासिकातल्या फोटोंत पेटलेलंच दिसलं होतं, रचलेलं नव्हे. कोरडी, वर छप्पर आणि बाजूंनी वारा खेळणारी घरात एकच जागा निघाली: गाडीचं पोर्च.

जूनच्या पहिल्या सरी आल्या तेव्हा पोर्चमध्ये छातीइतकी उंच लाकडांची भिंत उभी होती आणि भावोजींची नवी गाडी फाटकाशी पावसात भिजत होती. भावोजी पायरीवर उभे राहून तिच्याकडे बघत होते.

"मामा, गाडीला गंज चढेल हो."

मामांनी लाकडांवरचं प्लास्टिक एका कोपऱ्यात नीट ओढून घेतलं.

"चढू द्या की सायेब. गाडी काय पेटवायचीय व्हय?"